शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर आणि घर: स्वतःची काळजी स्वतः घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्स आहे. कॅन्सरच्या पेशंटना घरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी सेवा, देणाऱ्या टीमबरोबर बारा वर्षं फिरते आहे. चाळीत जा, बंगल्यात जा, वस्तीवर जा, प्रश्न साधारण तेच असतात. पण एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत आली आहे. प्रश्न विचारतात ते घरचे, आणि तेही आम्ही निघताना, दाराबाहेर, चपला घालता घालता, हळू आवाजात. ज्यांच्याबद्दल हे बोलणं चाललेलं असतं ते आत कॉटवर आढ्याकडे बघत पडलेले असतात. म्हणून ही उत्तरं मी पेशंटसाठी लिहिली आहेत. वाचवत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या, पण शेजारी बसवून, मोठ्याने.

औषधांचे डोस इथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते तुमच्या डॉक्टरांनी तुमची तब्येत बघून लिहून द्यायचे असतात.

डॉक्टर म्हणाले, ‘आता घरी न्या.’ म्हणजे उपचार संपले का?

केमो किंवा रेडिएशनने फायद्यापेक्षा त्रासच जास्त होईल असं दिसलं की डॉक्टर ते थांबवतात. दुखणं, उलटी, दम, जखम, झोप, भीती यांवरचे इलाज मात्र चालूच राहतात, आणि पॅलिएटिव्ह केअरचं काम तेच आहे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं ठिकाण) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर झाल्या. शरीराचं दुखणं, मनाचं दुखणं, घरादाराची काळजी आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न, हे सगळं मिळून पेशंटची एकच वेदना असते, असं त्यांनी मांडलं. आम्ही आजही त्याच नजरेने काम करतो.

आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह विभागाची टीम पेशंटच्या घरी जाते. गावाकडे असाल तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची सोय आहे का ते विचारा, आणि गावातल्या आशाताईंना नक्की सांगून ठेवा. सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामात ही सेवा आता धरलेली आहे.

मला उठवतसुद्धा नाही. मी स्वतःची काळजी काय घेणार?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नर्सिंगच्या अभ्यासात आम्हाला डोरोथिया ओरेम नावाच्या अमेरिकन नर्सचा सिद्धांत शिकवतात. पेशंटला जे स्वतःचं स्वतः करता येतं ते त्याला करू द्यायचं, आणि जिथे त्याचं बळ कमी पडतं तेवढीच जागा नर्सने भरायची. परीक्षेपुरतं मी ते पाठ केलं होतं. त्याचा अर्थ कळला तो एका घरात.

साठीतल्या एक काकू होत्या. स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता, चालणं बंद झालं होतं. सून अतिशय गुणी. सासूबाईंना पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नसे. तिसऱ्या भेटीत काकू म्हणाल्या, “सिस्टर, या घरात मला आता कुणी काही विचारतच नाही. मीठ किती घालू, हेसुद्धा नाही.” दुखणं किती आहे विचारलं तर म्हणाल्या, ते बरं आहे. डोळ्याला मात्र धार लागली होती.

आम्ही सुनेला सांगितलं, मिसळणाचा डबा कॉटवर आणून ठेव. दुसऱ्या दिवसापासून सकाळी काकू उशांना टेकून बसायच्या, डबा मांडीवर घ्यायच्या आणि एका वाटीत त्या दिवसाच्या फोडणीचं सामान काढून द्यायच्या. मोहरी, चिमूटभर हिंग, हळद, तिखट. पाच मिनिटांचं काम. मग तासभर झोपायच्या. नख कापायला मी हात हातात घेतला की पेरांमध्ये हळद दिसायची. पुढे पुढे चिमूट धरवेना, तेव्हा त्या नुसतं माप सांगायच्या आणि सून त्यांच्यासमोर काढायची. जाण्याच्या चार दिवस आधीपर्यंत त्या घरातली आमटी त्यांच्या हाताची होती.

स्वतःची काळजी म्हणजे व्यायाम आणि पथ्यपाणी एवढंच नाही. कुठल्या कुशीवर झोपायचं, आंघोळ आज की उद्या, गोळी घेतल्याची खूण वहीत कुणी करायची, कुणाला भेटायचं, हे ठरवणं म्हणजेही काळजी घेणं. हात चालत नसतील तर डोळ्यांनी आणि तोंडाने करा. आज रात्री एक काम निवडा आणि घरच्यांना सांगून टाका, ‘हे माझं.’

दुखणं सहन करावं का? मॉर्फिनची सवय लागेल अशी भीती वाटते.

सहन करू नका. सोसण्याचं आपल्याकडे फार कौतुक आहे, पण सोसल्याने कॅन्सर एक कणभरही कमी होत नाही. झोप जाते, जेवण जाते आणि माणूस चिडचिडा होतो.

कॅन्सरच्या दुखण्यासाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये मॉर्फिन (अफूपासून बनणारं, जोरदार दुखण्यावरचं औषध) घेताना व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचं नाही, हळूहळू कमी करायचं. पण ही सवय म्हणजे व्यसन नव्हे. ‘मॉर्फिन म्हणजे शेवटची गोळी’ हाही गैरसमज आहे. आमचे काही पेशंट मॉर्फिन घेऊन महिनोन्‌महिने हिंडतेफिरते होते.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळाप्रमाणे घ्यायची असते, दुखायला लागण्याची वाट बघायची नसते. पुष्कळ डॉक्टर रात्री झोपतानाचा डोस वाढवून देतात, म्हणजे मध्यरात्री गजर लावून उठावं लागत नाही. मधेच कळ आली तर जादा गोळी किती आणि दिवसातून किती वेळा चालेल, हे कागदावर लिहून घ्या. पहिले दोन-चार दिवस गुंगी येते, कधी मळमळतं, आणि बहुतेकांचं ते आपोआप कमी होतं. फार गुंगी, हातापायांना झटके, असंबद्ध बोलणं किंवा श्वास अगदी मंद होणं, यांतलं काही दिसलं तर लगेच फोन करा.

आता तुमचं काम. एक वही करा, शाळेची दोनरेघी चालेल. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, कुठे, कशाने वाढलं, गोळीनंतर अर्ध्यापाऊण तासाने किती राहिलं. आकडे जमत नसतील तर आणे सांगा. ‘सकाळी बारा आणे, आता चार आणे,’ असं सांगणारे एक आजोबा होते आणि त्यांच्याइतका नेमका हिशेब मला कुणी दिला नाही. दुखणं कसं आहे तेही सांगा: ठणकतं, जळजळतं, मुंग्या येतात, की विजेसारखी कळ जाते? नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात. तुमच्या शब्दावरूनच डॉक्टर गोळी बदलतात.

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये का मिळत नाही?

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे बरीच वर्षं ते मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालं. तरी मिळण्याची ठिकाणं मोजकीच आहेत. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच नवीन आणायची सोय करा. डबा कुलपात ठेवा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच. उरलेल्या गोळ्या केंद्रात परत द्या.

चार-चार दिवस शौचाला होत नाही. इसबगोल घेऊ का?

नको. आपल्याकडे प्रत्येक घरात इसबगोलचा डबा असतो आणि म्हणूनच हे ठामपणे लिहिते आहे. इसबगोल फुगायला भरपूर पाणी लागतं. तुमचं पाणी पिणं कमी आणि मॉर्फिनमुळे आतडी मंद, अशात ते आत घट्ट होऊन बसू शकतं.

मॉर्फिनची गुंगी जाते, मळमळ जाते, बद्धकोष्ठ मात्र जात नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषधही सुरू व्हायला हवं. दिलं नसेल तर मागून घ्या. ते रोज घ्यायचं, पोट साफ झालं त्या दिवशीही. सकाळी कोमट पाणी किंवा चहा प्यायल्यानंतर अर्ध्या तासाने बसून बघा. कमोडची खुर्ची मिळाली तर उत्तम, आणि पायाखाली छोटा पाट ठेवा. तीन दिवस झालं नाही तर कळवा. पोट फुगलं, वारा सरेना आणि उलट्या सुरू झाल्या तर मात्र तीन दिवस थांबू नका. आणि लाजू नका. मी घरात शिरल्यावर पहिले दोन प्रश्न झोपेचा आणि संडासचा विचारते.

तोंड कोरडं पडतं, चव गेली आहे, फोड आले आहेत.

एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घाला. दर दोन-तीन तासांनी आणि जेवणानंतर या पाण्याने चूळ भरा. पाणी रोज ताजं करा. ब्रश टोचत असेल तर लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या, तोही नको वाटला तर बोटाला मऊ सुती कापड गुंडाळा. ओठांना साजूक तूप किंवा व्हॅसलिन. ऑक्सिजन चालू असेल तर मात्र तेलकट काही लावू नका, टीमला विचारा. बर्फाचा छोटा खडा चघळा. कवळी रात्री काढून ठेवा.

जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर ती बुरशी असू शकते. त्यावर औषध आहे आणि थोड्या दिवसांत फरक पडतो. कित्येकांचं ‘जेवण गेलं’ ते या बुरशीमुळे गेलेलं असतं आणि कुणी तोंडात टॉर्च मारून बघितलेलंच नसतं. आरसा घ्या आणि रोज स्वतः बघा.

तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर तोंड सोलवटलेलं असताना त्याने आग होते, एवढं मी सांगते. शेवटच्या दिवसांत त्यावरून रागावणं मला बरोबर वाटत नाही.

जेवण जात नाही. घरचे घास भरवत बसतात. काय करू?

या टप्प्यावर भूक कमी होते ती आजारामुळे. शरीर अन्न पूर्वीसारखं वापरूच शकत नाही. जबरदस्तीने चार घास जास्त घातल्याने वजन वाढत नाही, उलटी मात्र होते. हे घरच्यांना पटवणं फार जड जातं, कारण आपल्याकडे माया ताटातूनच व्यक्त होते. ‘दोन घास तरी खा’ म्हणणारी बायको खरं तर ‘मला सोडून जाऊ नका’ म्हणत असते. तुम्हीच तिला सांगा, “भूक नाही, पण तू जवळ बस.”

जे जाईल ते, जेव्हा जाईल तेव्हा. वाटीभर नाही, दोन-तीन चमचे. गुरगुट्या भात आणि मेतकूट, पेज, नाचणीची आंबील, ताक, लापशी, मऊ खिचडी, आइसक्रीम. गरम अन्नाचा वास येतो आणि त्याने मळमळतं, तेव्हा गार किंवा कोमट द्यायला सांगा. फोडणी देताना खोलीचं दार लोटून घ्या. मोठं ताट समोर आलं की पाहूनच पोट भरतं, म्हणून लहान ताटली. डायबेटिस असेल तर पूर्वीचं कडक पथ्य आता सैल करता येतं का, ते डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा करता येतं.

नाकातून नळी असेल तर भरवताना आणि नंतर अर्धा तास डोकं उंच ठेवा, आणि प्रत्येक वेळी शेवटी थोडं पाणी सोडा, नाहीतर नळी तुंबते. आवडीची चव जिभेवर नुसती फिरवून थुंकून टाकली तर चालेल का, हे टीमला विचारा. गिळणं जमत नसलेले एक गृहस्थ आमच्या परवानगीने रोज कोकमाच्या साराचं बोट चाटायचे. त्यांच्या दिवसातला तो मोठा कार्यक्रम होता.

एकादशीचा उपास करू का? रोजा धरू का?

तुमची इच्छा असेल तर बोलून मार्ग काढता येतो. औषधं आणि पाणी चुकवू नका एवढीच विनंती. उपासाला गोळी चालते. मुस्लिम कुटुंबांत मी सांगते की आजारी माणसाला रोज्यात सवलत आहे, तुमच्या मौलानांशी बोलून घ्या. काहींना उपास सोडण्यापेक्षा धरण्यानेच बरं वाटतं. मग साबुदाण्याची खिचडी नको, राजगिऱ्याची लापशी किंवा वरईची पेज करा, पचायला हलकी.

थकवा इतका येतो की आंघोळीनंतर दिवस संपतो.

झोप काढली की जाईल, असा हा थकवा नाही. तेव्हा अंगातलं बळ पैशासारखं जपून खर्च करायचं. दिवसात कुठल्या वेळी जरा बरं वाटतं ते वहीत टिपा, आणि सगळ्यात आवडतं काम त्या वेळेसाठी राखून ठेवा. नातू शाळेतून चारला येत असेल तर आंघोळ साडेतीनला नको.

आंघोळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून करा, पाणी मगने. रोज पूर्ण आंघोळ हवीच असं नाही. हात, तोंड, काखा आणि जांघा पुसल्या तरी बरं वाटतं. पुसायच्या ठिकाणी जिथवर तुमचा हात पोचतो तिथवर तुम्हीच पुसा. दाढी, वेणी, कुंकू, अत्तर, जे तुम्ही आयुष्यभर करत आलात ते सोडू नका. दुखऱ्या हाताला सूज असेल, स्तनाच्या ऑपरेशननंतर येते तशी, तर त्या हातावर सुई किंवा बीपीचा पट्टा लावू देऊ नका आणि झोपताना तो उशीवर ठेवा.

दम लागतो तेव्हा जीव घाबरा होतो.

दम लागला की भीती वाटते, भीतीने दम वाढतो. हे चक्र तोडायचे काही उपाय तुमच्या हातात आहेत. पुढे झुकून बसा, समोर स्टुलावर उशी ठेवून त्यावर हात टेका. खांदे सैल सोडा. शीळ घालताना करतो तसे ओठ करून श्वास हळूहळू सोडा. घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष ठेवा. खिडकी उघडा. पंख्याची झुळूक गालांवर आणि नाकाच्या आसपास आली की दम कमी वाटतो, हे अभ्यासांतही दिसलं आहे. बॅटरीवरचा छोटा पंखा उशाशी ठेवा, नाहीतर पुठ्ठ्याने वारा घ्या. खोलीत गर्दी नको. कमी डोसमधलं मॉर्फिन दमावरही वापरतात, त्यामुळे ते लिहून दिलं तर दचकू नका.

जखमेला वास येतो. मला कुणाला जवळ बसू द्यायला लाज वाटते.

वास हा जखमेतल्या जंतूंचा असतो, तुमचा नाही. आणि तो कमी करता येतो. मिठाच्या उकळलेल्या, गार केलेल्या पाण्याने जखम हलक्या हाताने धुवायची. मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या गोळीची बारीक पूड जखमेवर टाकायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, तो चिकटतो. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे धुऊन, वाळवून, प्रेशर कुकरमध्ये वाफवलेले तुकडे चालतात. ड्रेसिंग चिकटलं असेल तर ओढू नका, पाणी टाकून भिजू द्या. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी घ्या. जखमेत किडे दिसले तर घाबरू नका, त्याच दिवशी कळवा. ते काढता येतात.

जखमेतून रक्त येण्याची शक्यता असेल तर गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्या चादरीवर थोडं रक्तही फार दिसतं आणि सगळे भेदरतात.

आरशात बघून स्वतःचं ड्रेसिंग स्वतः करणारे गालाच्या कॅन्सरचे एक दादा आठवतात. बायकोला चक्कर यायची म्हणून ते शिकले. मी फक्त सामान मांडून द्यायची. ते सावकाश, सुताराच्या हाताने करायचे. व्यवसायाने सुतारच होते.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावं?

दर दोन तासांनी कूस बदला. स्वतः वळता येत नसेल तर ‘आता वळवा’ असं सांगण्याचं काम तुमचं. एअर बेड भाड्यानेही मिळतो. माकडहाड, टाचा, खुबे आणि कोपर रोज कुणाला तरी बघायला सांगा. कातडी लाल दिसली तर तिथे चोळू नका, भार काढा. रबरी रिंगवर बसवू नका, कडेने उलट रक्तपुरवठा अडतो. चादरीला सुरकुती नको, खाली बिस्किटाचा चुरा नको.

रात्री झोप येत नाही. कधी वाटतं, आता पुरे.

रात्री दुखतं म्हणून झोप नाही, की भीती वाटते म्हणून, हे आधी वेगळं करून सांगा. दोन्हीवर इलाज आहेत. ‘आता पुरे, देवाने न्यावं’ असं पुष्कळांना वाटतं आणि ते बोलून दाखवण्यात काही वाईट नाही. पण स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येत असतील तर आजच आम्हाला सांगा. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं. असे विचार सांगणाऱ्या पेशंटना मी अनेकदा विचारलं आहे की सगळ्यात असह्य काय आहे. पुष्कळदा उत्तर मिळालं आहे, ‘दुखणं’ किंवा ‘मी सगळ्यांना ओझं झालो.’ पहिल्यावर औषध आहे. दुसऱ्यावर सगळ्यांनी एकत्र बसून बोलायला हवं, आणि ते बोलणं घडवून आणायला आमच्या समाजसेविका येतात.

घरचे मला खरं सांगत नाहीत. मी विचारू का?

विचारा. जाणून घेणं हा तुमचा हक्क आहे, आणि नको असेल तर न जाणून घेणं हाही. घरचे आम्हाला दारातच सांगतात, “त्यांना कॅन्सर आहे हे कळू देऊ नका.” आत गेल्यावर पेशंट सांगतात, “मुलाला सांगू नका, मला सगळं माहीत आहे. त्याला सोसणार नाही.” एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघे एकटे रडत असतात. पुढच्या भेटीत सरळ म्हणा, “सिस्टर, मला माझ्या आजाराबद्दल बोलायचं आहे.” तेवढं वाक्य पुरतं. बाकीचं आम्ही सांभाळतो.

भेटायला येणाऱ्यांचा त्रास होतो.

दारावर पाटी लावा: ‘भेटण्याची वेळ ५ ते ६.’ कुणी येऊन रडतं, कुणी अमक्याच्या काकांची गोष्ट सांगतं. तुम्ही डोळे मिटून घ्या. घरातल्या एकाला खूण ठरवून द्या, तुम्ही पांघरूण ओढलं की त्याने पाहुण्यांना चहाला बाहेर न्यायचं. आणि ज्यांना खरंच भेटावंसं वाटतं, जुना मित्र, रुसलेला भाऊ, त्यांना तुम्ही बोलवा. नवराबायकोने एका कॉटवर झोपलेलं चालतं का, असंही दबक्या आवाजात विचारतात. चालतं. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही.

कुणीतरी जडीबुटीचं औषध सुचवलंय.

काय घेताय ते आम्हाला दाखवा, मी रागावणार नाही. भस्मं आणि नाव नसलेल्या पुड्या यकृत-मूत्रपिंडाला जड जाऊ शकतात, आणि मग मॉर्फिन शरीरात साठतं. ‘हे घ्या आणि मॉर्फिन बंद करा’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. शेत किंवा दागिने विकून तर काहीही आणू नका.

कागदपत्रांचं काय करून ठेवावं?

इच्छापत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, केली तर उत्तम. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. बँक, विमा, पेन्शन यांचं नॉमिनेशन तपासा, मोबाइलचा पासवर्ड कुणाला तरी सांगा.

व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको, असं वाटत असेल तर तेही लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला उपचार करणारे डॉक्टर देतात. कोण देणार ते आधीच विचारून ठेवा, रात्री अपरात्री घरच्यांची धावपळ होत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.

रात्री केव्हा फोन करायचा?

दुखणं जादा गोळी घेऊनही आवरत नाही, रक्त थांबत नाही, दम अचानक वाढला, पायांतलं बळ एकाएकी गेलं किंवा लघवी बंद झाली, झटका आला, पेशंट ओळखेनासा झाला, तर थांबू नका. कमरेखालचं बळ अचानक जाणं म्हणजे मणक्यावर दाब असू शकतो, तिथे तासांना महत्त्व असतं.

फोनवर आधी नाव सांगा, मग काय झालं आणि केव्हापासून, शेवटची गोळी कुठली आणि किती वाजता घेतली. वही जवळ घेऊन बोला. आणि बोलता येत असेल तर फोन पेशंटच्या कानाला लावा. मला आधी त्यांचा आवाज ऐकायचा असतो.